पुस्तकातली लय

"आढावबाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

मिसेस नवलकर असं म्हणाल्या की पुढे हमखास रागावण्यासारखंच काहीतरी असायचं. क्लास नुकताच सुटला होता. मुली बाकावर बसून नाचाच्या बुटांच्या फिती सोडत होत्या आणि मी पियानोचं झाकण लावत होते. नवलकरबाईंनी पर्समधून एक स्टॉपवॉच काढून त्या झाकणावर ठेवलं. त्यांच्या यजमानांचं होतं ते, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांची वेळ मोजायचं.

"उंच उड्यांचा तुकडा तुम्ही मालविकासाठी अडतीस सेकंदांत वाजवता," त्या म्हणाल्या, "आणि त्या मुलीसाठी त्रेचाळीस. आजचंच नाही सांगत. तीन आठवडे मोजतेय मी."

"उडी मोठी असली की संगीताला थोडं थांबावं लागतं, मिसेस नवलकर."

"हो, पण परीक्षेत एकीसाठी थांबायचं आणि दुसरीसाठी नाही, हे कसं चालेल? ह्यांचं म्हणणं होतं, सरळ लंडनच्या मंडळाला पत्र टाकावं. मीच म्हटलं, थांबा, आधी आढावबाईंशी बोलू." मग त्या जरा वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला तिच्याबद्दल वाटणारच. साहजिक आहे ते. शेवटी आपलं ते आपलं असतं."

त्या हसल्या. मीही हसले. घरी जाताना बसमध्ये मात्र कानशिलं तापली होती.

हे १९८३च्या डिसेंबरातलं. कुलाब्याला एका जुन्या हॉलमध्ये मिस पेरिन दुभाष बॅले शिकवायच्या आणि मी त्यांच्या क्लासला पियानो वाजवायची. पियानो मी नगरच्या मिशनमध्ये शिकले. माझ्या आजोबांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आमचं घर गावात नव्हतं, गावाबाहेर होतं. बाहेर म्हणजे कुठे, ते मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मुंबईत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही म्हणा. आडनाव, गाव आणि चर्च एवढं कळलं की नवलकरबाईंसारखी माणसं उरलेला हिशेब स्वतःच करतात. बाकी लपवालपवीच्या बाबतीत मी पक्की होते. आणि जो लपवतो त्याला सगळं जग टेहळणी करतंय असं वाटतं. स्वभावच संशयी झाला होता माझा. दूधवाला हसला तरी मी दूध परत मापून घ्यायची.

"ती मुलगी" म्हणजे जैनब सिद्दी. पंधरा वर्षांची, मूळची मुरुडजवळच्या राजापुरीची. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, हे शाळेच्या पुस्तकात असतं; त्यांचे वंशज आजही तिथे राहतात, कोकणी माणसासारखं बोलतात आणि माशांचं कालवण खातात, हे त्या पुस्तकात नसतं. जैनबचा रंग गडद काळा, केस दाट कुरळे, हातपाय लांबच लांब. तिची आई आमिना मिस पेरिनच्या म्हाताऱ्या आईचं सगळं करायची. मायलेकी मिस पेरिनकडेच मागच्या खोलीत राहायच्या. मुलगी सात वर्षांची असल्यापासून क्लासमध्ये होती. बाकीच्या मुली पाठीमागे तिला "आफ्रिका" म्हणायच्या. समोर म्हणायच्या नाहीत, कारण मिस पेरिनच्या हातात छडी असायची आणि ती फक्त जमिनीवर ताल द्यायलाच असते असं नव्हतं.

जैनब उडी मारायची तेव्हा काय व्हायचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाकीच्या मुली वर जायच्या आणि खाली यायच्या. ही वर जायची आणि तिथे क्षणभर राहायची. नाचाला साथ करणारी पियानोवाली पाठमोरी बसत नाही, तिचे डोळे मुलींच्या पायांवर असतात. कुणाचा तोल गेला की स्वर आवरता घ्यायचा, कुणी धापा टाकायला लागली की दोन मात्रा उसन्या द्यायच्या. जैनबच्या बाबतीत एवढंच करावं लागायचं, की ती जमिनीवर येईपर्यंत सम धरून ठेवायची. तिचा पाय टेकला की माझा हात पडायचा. आठ वर्षांत आम्ही दोघींनी हे कधी ठरवलं नाही. ते होत गेलं.

त्या वर्षी लंडनच्या परीक्षामंडळाने हिंदुस्थानातल्या एका मुलीसाठी तिथल्या शाळेत तीन वर्षांची जागा ठेवली होती. परीक्षक येणार, वरच्या श्रेणीची परीक्षा घेणार आणि एक नाव कळवणार. वय सोळाच्या आत हवं होतं. म्हणजे जैनबला हीच एक संधी होती. मालविका नवलकर पुढच्या वर्षीही बसू शकली असती, पण तिच्या आईला पुढचं वर्ष मान्य नव्हतं.

मिस पेरिनना मात्र कशाचाच भरवसा नव्हता. "तू ते लोकांना ओळखत नाय, आढाव," त्या मला म्हणाल्या. "मी गेलती ना लंडनला, लढाईच्या नंतर. माझा रंग बघ. गोरा हाय की नाय? तरी मला रांगेत घेतला नाय. म्हणे चेहरा वेगळा दिसते. तीन वरस मी हातात ट्रे घेऊन मागे उभी राहिली. नोकराणीचा पार्ट! मग हिचा काय करतील?"

"मग पाठवता कशाला?"

"ट्रे तर ट्रे," त्या म्हणाल्या. "तिथे उभी तर राहील. आणि ती उडी एकदा बघितली ने, तर कदाच ट्रे विसरून जातील."

परीक्षेच्या आठवडाभर आधी मोज्यांचं प्रकरण झालं. नियमात लिहिलेलं होतं, अंगाच्या रंगाचे लांब मोजे. बाजारात ते गुलाबीच मिळतात. जैनबने ते घातले की कमरेखाली दुसऱ्याच कुणाचे पाय जोडल्यासारखे दिसायचे. आमिनाने मोजे चहाची पत्ती आणि काथ घालून उकळले, बूटही त्याच पाण्याने रंगवले. मुलगी तालमीला उभी राहिली आणि मी वाजवायची थांबले. कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय एकसंध दिसत होता. तो इतका लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नवलकरबाईंनी नियमांचं पुस्तक आणलं. अंगाचा रंग म्हणजे गुलाबी, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या आयांनीही माना डोलावल्या. उगाच एका मुलीमुळे सगळ्यांचे गुण जायला नकोत, पांढऱ्या पोशाखातल्या मुलींच्या रांगेत एक अशी उभी राहिली तर रांगच तुटते, आम्हाला काही तिच्याशी वैर नाही. असं बरंच बोलणं झालं.

आमिना दाराशी उभी होती. "कुनाच्या अंगाचा रंग, बाय?" तिने विचारलं. "माझ्या पोरीच्या अंगाचा तर ह्योच हाय."

मिस पेरिननी कपाटातून नवे गुलाबी मोजे काढून जैनबच्या हातात दिले आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "परीक्षेपुरता, डिकरा. त्यांना कारण देऊ नको."

मी पियानोवरची पुस्तकं नीट लावत राहिले. माझ्या मनात स्टॉपवॉच टिकटिक करत होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. बॅलेच्या परीक्षेची एक रीत असते. आत फक्त परीक्षक, मुली आणि पियानोवाली. शिक्षिकेलासुद्धा मज्जाव. दार बंद झालं की आत काय झालं ते बाहेर सांगणारी मोठी माणसं दोनच, आणि त्यातली परीक्षक बोलत नाही. म्हणजे एकच.

परीक्षक मिस हॅलम साठीच्या असाव्यात. काठी टेकत आल्या, टेबलावर छोटी पितळी घंटा ठेवली आणि खुर्चीत बसल्या. मी त्यांच्यावर नजर ठेवली होती. मिस पेरिननी बजावलं होतं, "सगळा बघून ठेव, आढाव. मला एक एक गोष्ट सांगायची."

पाच मुली आत आल्या. छातीवर क्रमांक. मालविका दोन, जैनब चार. मिस हॅलमनी पाचही जणींवरून नजर फिरवली आणि ती चारवर थांबली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मनात नोंद केली. मग उठून त्यांनी जैनबचा खांदा धरला आणि तिला मधून काढून रांगेच्या टोकाला नेऊन उभं केलं. हीही नोंद केली. नंतर खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. का बरं? ऊन चार नंबरच्या तोंडावर येत होतं. तोंड दिसावं म्हणून की दिसू नये म्हणून?

नियमाप्रमाणे मुलींना फक्त क्रमांकाने हाक मारायची. मिस हॅलमनी चारला नाव विचारलं. मग विचारलं, "तू कुठली?"

"मुरुड, मॅडम."

"आणि त्याच्या आधी?"

जैनबने जरा विचार केला. "त्याच्या आधी राजापुरी, मॅडम."

मिस हॅलम हसल्या. ते हसू मी नीट पाहिलं. कुत्सित म्हणावं तर कुत्सित, नाही म्हणावं तर नाही. माझ्यासारख्या बाईला तेवढं पुरे होतं. संपलंच हिचं, असं मी मनाशी म्हटलं.

भिंतीलगतच्या दांड्याला धरून करायचा भाग झाला. संथ नाच झाला. मालविका एका पायावर उभी राहून दुसरा पाय मागे उचलते तिथे जराशी हलली, पण वेळेवर सावरली. जैनब हलली नाही. मिस हॅलम लिहीत होत्या, मान खाली घालून, बारीक अक्षरांत. त्यांच्या कागदाचा कोपरासुद्धा मला दिसत नव्हता.

मग उंच उड्या. एकेकीने कोपऱ्यातून निघून तिरकं समोरच्या कोपऱ्यात जायचं. एक, दोन, तीन झाल्या. चार आली. गुलाबी मोजे आणि त्यावर ती. पहिल्या दोन उड्या छान झाल्या. तिसऱ्या उडीला तिचं आणि संगीताचं बिनसलं. पाय टेकला तो समेच्या मागे. ती गाठायला धावली, चौथी उडी अर्ध्यातच उतरवली आणि कोपऱ्यात अडखळून भिंतीला हात लावला.

मिस हॅलमनी घंटा वाजवली. माझ्याकडे वळून दोन शब्द बोलल्या. मग जैनबला म्हणाल्या, "पुन्हा एकदा, बाळ. घाई नाही."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. किंबहुना जास्त वाईट, कारण आता ती भ्यायली होती. मिस हॅलमनी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं.

दार उघडलं तेव्हा बाहेरच्या सगळ्या बायका एकदम उभ्या राहिल्या. मुली मागे घाम पुसत होत्या. मिस पेरिननी माझा दंड धरला.

"काय झाला आत? जैनूचा तोंड बघ. काय झाला?"

मी सांगितलं. चष्मा काढून बघितलं ते सांगितलं. मधून काढून टोकाला उभं केलं ते, पडदा ओढला ते, नाव विचारलं, गाव विचारलं, त्याच्या आधीचं गाव विचारलं आणि हसल्या, तेही सांगितलं. मी एक अक्षर खोटं बोलले नाही. उड्यांच्या वेळी पोरगी घाबरून चुकली, म्हटलं.

"घाबरणारच!" मिस पेरिन ओरडल्या. "तिला टोकाला उभी केली? आधीचा गाव कोणता? म्हणजे आफ्रिका सांग, असाच ना? मी सांगत होती! चाळीस वरसात काय बदलला नाय!"

"शी! काय बाई ही गोरी माणसं!" नवलकरबाई म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "इतका कसला रंगाचा गर्व? आपल्याकडे निदान असलं नाही." आणि त्यांनी जैनबच्या डोक्यावरून हात फिरवला. आठ वर्षांत पहिल्यांदाच.

सगळ्या आया हळहळल्या. कुणी तिला लिमलेटची गोळी दिली. आमिना मात्र मुलीचे बूट पिशवीत भरत बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चटकन पियानोची पुस्तकं गोळा करायला आत गेले.

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या रात्रीपासून मी मिस हॅलमला मनात रोज शिव्या घातल्या. काठीवाली थेरडी, पोरीचं वाटोळं केलंन. क्लासमध्ये विषय निघाला की सगळ्यात मोठा आवाज माझा. एवढा आवाज चढवून बोलणाऱ्या माणसावर खरं तर मीच आधी संशय घेतला असता.

आता जे आत झालं ते सांगते. चाळीस वर्षं झाली. मिस पेरिन गेल्या. मला ऐंशी संपत आली. आता लपवून कुणापासून लपवायचं?

त्या दिवशी मी पाच मुलींसाठी वाजवलं. पहिलीचा श्वास लहान होता, तिला मी शेवटच्या ओळीत दोन मात्रा दिल्या. मालविका एका पायावर हलली तेव्हा शेवटचा स्वर मी आधीच सोडून दिला, म्हणून ती सावरली. नाहीतर तिचा पाय सगळ्यांसमोर खाली आला असता. तिसरी घाईची, तिच्याबरोबर मी घाई केली. पाचवीचं तर काय काय झाकलं ते मलाच आठवत नाही. यातलं काहीच मी ठरवून केलं नाही. हाताला सवय असते.

फक्त चारची वेळ आली तेव्हा मी पुस्तक उघडलं. संगीताच्या पुस्तकात वरच्या कोपऱ्यात लयीचा आकडा छापलेला असतो. आदल्या दिवशी मी घरी त्या आकड्यावर टकटक करून लय दाखवणारं यंत्र लावून तो तुकडा चाळीस वेळा वाजवला होता. बरोबर अडतीस सेकंद. ती कोपऱ्यातून निघाली आणि मी तिच्या पायांकडे बघितलं नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा मी छापील ओळींकडे बघून वाजवलं. सम जिथे छापली होती तिथे मी दिली, आणि ती तेव्हा अजून वर होती.

मिस हॅलम माझ्याकडे वळून दोन शब्द बोलल्या म्हणून सांगितलं ना, ते दोन नव्हते.

"तिच्यासाठी नेहमी असंच वाजवता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात हीच लय आहे, मॅडम."

"पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक आहे. निम्मं मीच लिहिलंय. मी विचारते, तिच्यासाठी तुम्ही नेहमी हेच वाजवता का?"

त्यांच्या डोळ्यांत बघायचं मी टाळलं. "हो, मॅडम," म्हटलं.

त्या थांबल्या. मी आणखी काही बोलेन म्हणून थांबल्या, हे मला तेव्हाही कळत होतं. मग जैनबला म्हणाल्या, पुन्हा एकदा, घाई नाही. 'घाई नाही' म्हणताना त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आणि मी पुन्हा अडतीस सेकंदांत वाजवलं. एक सेकंदही इकडचा तिकडे केला नाही.

मी हे का केलं? पत्राची भीती होती, हे खरं. नोकरी गेली असती, हेही खरं. पण एवढंच असतं तर मी पाचही जणींना पुस्तकातलीच लय दिली असती. तसं मी केलं नाही. 'आपलं ते आपलं' हे नवलकरबाईंचं वाक्य मला डसलं होतं. मी हिच्यातली नाही, हे मला दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं, तर दाराबाहेरच्या बायकांना, ज्यांना आतलं काही दिसतच नव्हतं. एका काळ्या पोरीशी माझी गाठ मारली म्हणून मला लाज वाटली, आणि ती लाज मी तिच्या पायांवर काढली. जिच्या आजोबाला गावाने वेशीच्या आत येऊ दिलं नाही, तिने हे केलं. माझी मला अजून चीड येते.

आणि मिस हॅलम? त्यांनी फक्त चारलाच नाव का विचारलं? जैनबला टोकाला नेलं ते ती सगळ्यांत उंच म्हणून, की दुसऱ्या कशासाठी? मला माहीत नाही. असेलही त्यांच्या मनात काही. पण त्यांचं मन उघडं पडायची वेळच आली नाही. त्यांच्या आधी मी होते ना.

फेब्रुवारीत निकाल आला. लंडनची जागा कलकत्त्याच्या कुणा मुलीला गेली. मालविका चांगल्या गुणांनी पास झाली. जैनबही पास झाली, जेमतेम. मिस पेरिननी तिचा कागद मोठ्याने वाचला. "उडी असामान्य. संगीताची जाण वीसपैकी सात. ही मुलगी संगीत ऐकत नाही."

"ऐकत नाय?" मिस पेरिननी कागद टेबलावर आपटला. "ही? हीच तर एकटी ऐकते! आता तर पक्का समजला ना तुम्हाला? दुसरा काय मिळाला नाय तर हा लिहिला!"

सगळ्यांना पक्कं समजलं. मलाही पक्कं समजलं, की मिस हॅलमनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी "हो, मॅडम" म्हटल्यावर त्यांना दुसरं काय लिहिता येणार होतं? मी पुढे होऊन बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मिस पेरिन रडत होत्या, आणि रडणाऱ्या बाईला कसं सांगायचं, ही सबब माझ्या कामी आली.

जैनबने तो कागद घेतला, घडी घालून कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि दांड्याजवळ जाऊन उभी राहिली. क्लास झाला. मी वाजवलं. उड्यांच्या वेळी ती कोपऱ्यातून निघाली आणि माझा हात आपोआप थांबला, ती खाली येईपर्यंत, पूर्वीसारखा. पाय टेकला, हात पडला. त्रेचाळीस सेकंद असतील. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

हिला कळलं, म्हटलं. आठ वर्षं माझ्या हातांवर नाचलेली मुलगी, तिला नाही तर कुणाला कळणार? क्लास सुटल्यावर मुली गेल्या. मी मुद्दाम रेंगाळले, कारण ती रेंगाळत होती. आता विचारेल, आता ओरडेल, मला वाटत होतं. ओरडली असती तर मी सगळं कबूल करणार होते. मी तयार होते.

ती पियानोपाशी आली. गुलाबी मोजे तिने गुडघ्यापर्यंत गुंडाळले होते. इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून तिने हळूच विचारलं,

"बाई, त्या दिशी तुमचा हात दुखत होता काय?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात शोधायला काहीही नव्हतं. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडावर लबाडी शोधत आले, पण तिथे ती नव्हती. तिला खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"हो गं," मी म्हटलं.

"मला वाटलंच. मी कुनाला बोलले नाय. मिस तुम्हाला ओरडल्या असत्या." तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि बाकावर बसून एकेक बोट दाबायला लागली, मुली आपले पाय दाबतात तसं, खाली मान घालून, अगदी मन लावून.

"पन आत जायच्या आधी मला नुसता इशारा करायचा, बाई," ती म्हणाली. "मी उडी लहान मारली असती."